बसकीचा मागला आस

शेवगाव,
३ फेब्रुवारी १९७१

चि. गोरक्षास,

आशीर्वाद तुला देणारच आहे, पण पत्राच्या शेवटी. आधी मला भडाभडा बोलू दे. राग पोटात ठेवला की माझ्या भाकऱ्या चिरतात, असं तुझ्या दाजींचं म्हणणं आहे.

आई-वडील गेल्यावर तुझं लग्न जमवायचं काम माझ्याकडे आलं. मी बारा वर्षं शाळेत शिकवते, चार लोक मला बाई म्हणून मान देतात. अशी मी परवा ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून तुझ्यासाठी मुलगी बघायला निघाले. तू म्हणालास, आक्का, एसटीनं कशाला, माझ्या गाडीतून जाऊ. तीन वर्षं साखर कारखान्याच्या भंगारातले पत्रे वेचून, फुटक्या फियाटचं इंजिन घालून, आगीच्या बादल्यांना लावायचा लाल रंग फासून तू जी दोन माणसांची स्पोर्ट मोटार बांधलीस, तिच्यात मी बसले. बसले कसली, जमिनीवर मांडी घातली. तुमच्या कॉलनीत तिला बसकी म्हणतात ते काही खोटं नाही.

बोरीच्या घाटाच्या तिसऱ्या वळणावर बसकीनं मान टाकली. मग बोरीचा सहादेवतात्या आपली बैलजोडी घेऊन आला. बैलांच्या शिंगांना गोंडे, मानेत घुंगरं, मागे दोर, आणि दोराच्या टोकाला आपण दोघं. वरच्या बोरीतलं अख्खं गाव पारावर उभं होतं. तुझे दाजी एसटीनं आधीच पोचून दुसरा चहा पीत होते. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला, पण लुगडं ओळखीचं निघालं. एका बाईनं विचारलंच, "छबूबाई, नवरदेव कोणता? पुढचा का मागचा?"

आता मुद्द्याचं. मुलीचे वडील, हवालदार सूर्यभान, लष्करात वीस वर्षं जीपा चालवून आणि दुरुस्त करून आलेले. आता गावात पिठाची गिरणी चालवतात. निघताना ते मला म्हणाले, "बाई, मुलगा निर्व्यसनी आहे, हात चांगला आहे. पण स्वतः बांधलेली गाडी जो बैल लावून आणतो, त्याच्या हातात मी मुलगी कशी देऊ? पाडव्यापर्यंत थांबतो. गाडी आपल्या बळावर घाट चढून माझ्या दारात आली तर पुढचं बोलू. नाहीतर पाथर्डीच्या सोसायटीतला क्लार्क तयार आहे."

मनकर्णा लाखात एक मुलगी आहे, माझ्या हाताखाली शिकलेली आहे. तेव्हा ऐक. ती मोटार भंगारात घाल आणि एक सायकल घे. सायकलवाल्याला कोणी अटी घालत नाही.

आशीर्वाद.

तुझी आक्का,
छबूबाई


साखर कारखाना कॉलनी, श्रीरामपूरजवळ,
८ फेब्रुवारी १९७१

आक्कास,

गोरक्षचा नमस्कार. पाया लांबूनच पडतो, जवळ आलो तर तू धपाटा घालशील.

तुजं पत्र चार वेळा वाचलं. तीन वेळा लाजलो आनि एकदा लई हसलो. पन सायकल काय मी घेत न्हाई. का ते सांगतो, दाजींना वाचून दाखवू नको.

त्या दिशी तू आत बायकांत हुतीस. मी बाहेर बॉनेट उघडून उभा हुतो, मान वर करायची लाज वाटत हुती. मनकर्णा पान्याची कळशी घेऊन आली. म्हटलं आता ही हसनार. तिनं रेडिएटरमधी पानी ओतलं, इंजिनाला कान लावला आनि म्हनली, "घाटात क्लच घसरला न्हाई, इंजिन गुदमरून बंद पडलं. व्हय ना?"

म्हटलं, व्हय.

"मग इंजिन झकास हाय. मागला डिफरन्शल सपाटीचा हाय तुमचा. आमच्या घाटाला जीपचा लागतो." एवढं बोलली आनि कळशी काखेत मारून गेली.

आक्का, मी अकरा वर्षं फिटरकी करतोय. तीन वर्षांत मला जे सुचलं न्हाई ते तिनं एका कळशीत सांगितलं. त्या दिशीपासून माजं जेवनात ध्यान न्हाई. लग्न करीन तर हिच्याशी, न्हाईतर बसकीशीच संसार करीन.

तुला कळंल असं सांगतो. मागल्या दोन चाकांच्या मधी आस असतो, त्या आसात एक लोखंडी गोळा असतो, तोच डिफरन्शल. इंजिनाकडून येनारा दांडा त्यात घुसतो आनि चाकं फिरवतो. माझ्या फियाटच्या गोळ्यात दांड्याचे सव्वाचार फेरे झाले की चाक एकदा फिरतं. जीपच्यात पाचाच्या वर फेरे लागत्यात. म्हंजे चाल कमी, पन जोर जादा. नगरला लष्कराच्या लिलावातला माल इकनारे हायेत. जीपचा आख्खा आस मिळाला की तोच बसवतो. पाडव्याला सात आठवडे हायेत.

तवर त्या क्लार्कला कायतरी काम लावून ठेव.

तुजा,
गोरक्ष


शेवगाव,
१७ फेब्रुवारी १९७१

चि. गोरक्षास,

आशीर्वाद. आज आधीच देते, कारण आज राग नाही.

बाजाराच्या दिवशी सूर्यभानराव गिरणीचे पट्टे घ्यायला आले होते आणि मनकर्णाला माझ्याकडे बसवून गेले. तुझ्या पत्रातला आसाचा भाग मी तिला वाचून दाखवला. जेवणाचा भाग वाचला नाही, पण कागद तिच्या हातात दिला आणि मी चहा ठेवायला गेले. चहा झाला तरी ती तोच कागद धरून बसली होती. म्हणाली, "बाई, अक्षर बरं आहे." तुझं अक्षर बरं नाही, हे मी तुला पहिलीपासून सांगत आलेय. मग यातून काय समजायचं ते तू समज.

क्लार्क परवा मुलगी बघून गेला. डायनामोची सायकल, कोऱ्या वहाणा, खिशात दोन पेनं. त्यानं मुलीला विचारलं, तेरा साते किती? ती म्हणाली एक्क्याण्णव. मग तिनंच विचारलं, तुमच्या सायकलच्या मागच्या चक्राला दात किती? तो बिचारा उठला आणि अंगणात जाऊन मोजायला बसला. परत आला तोवर त्याचे पोहे निवले होते.

हे हसण्यावारी नेऊ नको मात्र. सूर्यभानरावांना क्लार्क पसंत आहे. पगार पक्का, माणूस जमिनीवर. आणि बैलांची गोष्ट सहादेवतात्या बाजारात भेटेल त्याला सांगतोय. दर वेळी घाट लांबतोय आणि बैल थकतायत. बापाला टोचतं रे.

दुसरं म्हणजे पाडव्याला मी तुझ्याबरोबर नसेन. दहा मार्चपासून महिनाअखेरपर्यंत आम्हा शिक्षकांना शिरगणतीचं काम लागलं आहे. दारोदार हिंडून माणसं मोजायची. तेव्हा तुझं तुलाच निभवायचं आहे.

तुझी आक्का


कारखाना कॉलनी,
१२ मार्च १९७१, धुळवड

आक्कास,

आनंदात असलेल्या गोरक्षचा नमस्कार.

आस आला. आला आनि बसला बी.

नगरहून आनला त्याची कथा ऐक. आस चांगला मानसाएवढा लांब. कंडक्टर घेईना. मग त्याला जुन्या धोतरात गुंडाळला, दोन्ही टोकांना सुतळी बांधली, आनि हमालानं आनि मी मिळून एसटीच्या टपावर चढवला. तर खाली थांबलेल्या मानसांनी हात जोडले. एक म्हातारी मला म्हनली, "कोन हुतं रं लेकरा?" मी घाईत म्हटलं, "लष्करातला हाय." तिनं डोळं पुसलं. पार राहुरीपर्यंत मला कुनी उभं राहू दिलं न्हाई, बसायला जागा दिली, एकानं केळी दिली. खरं सांगायचा धीरच झाला न्हाई.

आता अडचन अशी हुती. जीपच्या आसातला गोळा मधोमध नसतो, उजव्या अंगाला असतो. तसाच बसवला तर इंजिनाचा दांडा थेट माझ्या सीटखालनं येतो, आनि बसकीत सीट म्हंजे जमीनच, ते तुला ठाऊक हाय. दोन दिवस डोकं धरून बसलो. मग वर्कशॉपातल्या आसारामबुवांना इचारलं. बुवा तीस वर्षं ऊसगाड्यांची दुरुस्ती करत्यात. बैलगाडीचा आस खालच्या अंगानं झिजतो. बुवा दर सीझनला तो उलथा करून घालत्यात, आनि तोच आस अजून दोन वर्षं ऊस वढतो. बुवा म्हनले, "त्यात काय, उलथा घाल. गोळा डाव्या अंगाला जाईल." इतकं सोपं.

मग आमी स्प्रिंगच्या बैठका कापल्या, दुसऱ्या बाजूला वेल्डिंग केलं, आस उलथा घातला, आनि दांडा सुतासारखा सरळ आला. सोय बी झाली. तेल सोडायचं बूच खाली असतं, ते आता वर आलंय. घागरीत पानी भरावं तसं वरून तेल भरलं. एका बारीक भोकातनं खाली जरा ठिपकतंय, पन ते बघू.

मागली चाकं उचलून गाडी चालू केली. काय गरगर फिरली म्हनतीस. बुवांनी टोपी उडवली. ब्रेकचा पाइप तेवढा यायचा हाय, तो आल्यावरच रस्त्यावर काढतो. मनकर्णाला सांग, बोरीचा घाट आता आपलाच.

तुजा,
गोरक्ष


शेवगाव,
१९ मार्च १९७१

चि. गोरक्षास,

आशीर्वाद. घाईत लिहिते. दिवसाला साठ घरं होतात, पाय भरून आलेत. एका घरी म्हातारबाबांना वय विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, तुम्हाला किती वाटतं?

काल बाजार होता. बाप-लेक दोघं आले. सूर्यभानराव ओसरीत पान जमवत होते आणि मनकर्णानं आत तुझं पत्र वाचलं. आसारामबुवांच्या सल्ल्यापाशी आली आणि थांबली. परत वाचलं. बुचाशी आली तेव्हा ओठ घट्ट मिटून घेतले. तिला बुवांचं कौतुक वाटलं असावं. मी विचारलं, काही चुकलंय का गं? ती म्हणाली, "नाही बाई. सगळं ठीक आहे म्हणून कळवा."

तेव्हा कळवते, सगळं ठीक आहे.

मग एक गंमत झाली. ती ओसरीत गेली आणि बापाला म्हणाली, "आबा, पाडव्याची अट एकदा नीट सांगा. बाई साक्षीला आहेत." ते म्हणाले, "सांगायचं काय त्यात? स्वतःच्या इंजिनावर घाट चढून दारात यायचं. बैल नाही, दोर नाही, माणसाचा धक्का नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं मान हलवली आणि पानाचं तबक उचलून आत आली. वकील व्हायची ही मुलगी.

ब्रेकचं बघ आधी. घाट चढण्यापेक्षा उतरताना तुझी मला काळजी वाटते. पाडव्याला मी दुसऱ्यांच्या घरात माणसं मोजत असेन, पण माझा जीव तिकडे असेल. झालं की लगेच लिही, चांगलं असो नाहीतर वाईट.

तुझी आक्का


वरची बोरी, हवालदारमामांच्या गिरणीतून,
२९ मार्च १९७१

आक्कास,

पत्ता वाचलास ना? दोन दिवस झाले, मी अजून इथंच हाय. सगळं पयल्यापासनं सांगतो.

ब्रेकचा पाइप पाडव्याच्या आदल्या दिशी आला. बसवला, पन रस्त्यावर गाडी काढायला येळच गावला न्हाई. सीझन संपला, पाथर्डीकडल्या ऊसतोडीच्या टोळ्या घरी सोडायला कारखान्याचा ट्रक निघाला हुता. म्हटलं गाडीला नंबर न्हाई, वाटेत कुनी हटकायला नको, पेट्रोल बी वाचंल. ट्रकमागं दोर बांधून बसकी घाटाच्या तोंडापर्यंत आनली. अट घाटाची हुती, वाटेची न्हाई.

दोर सोडला. सगळी टोळी बोचक्यांसकट खाली उतरून बघायला उभी. मुकादमाच्या बायकोनं, कडूबाईनं, गाडीला हळदकुंकू वाहिलं. मी पयला गेर टाकला, क्लच सोडला, आनि आक्का, बसकी सूं करून मागं गेली. मागं कडूबाईचं खुराडं हुतं. कोंबड्या आख्ख्या रस्ताभर.

दुसरा गेर टाकला, तर अजून जोरात मागं. मग रिव्हर्स टाकला, तर गाडी पुढं.

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. बैलगाडीचा आस नुसता गाडी पेलतो. वढतात बैल, म्हनून आस कसाबी घाला, गाडी बैलांमागं जाते. मोटारीचा आस सोताच वढतो. तो उलथा घातला की वढायची दिशा बी उलथी. चाकं वरती गरगर फिरली तवा कुठल्या बाजूला फिरत्यात ते ना मी बघितलं, ना बुवांनी. आता बसकीला चार गेर मागं जायचे आनि एक पुढं जायचा.

त्या एका गेरावर चढवायला गेलो. चढ लागला की गेर निसटायचा. दांडा एका हातानं दाबून धरावा तर वळनावर एका हातानं गाडी वळंना. दोनदा तसंच खाली आलो. मग मी दगडावर बसलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पानी आलं. वर गावात गुढ्या उभ्या दिसत हुत्या, आनि मला त्या क्लार्कची सायकल दिसत हुती. कडूबाई पाठीवर हात फिरवून म्हनली, "उगी. गाडीच हाय ती, रुसती कधीमधी."

तेवढ्यात घाटावरनं मनकर्णा खाली आली. डोईवर कडुलिंबाचा डहाळा. म्हनं पाडव्याला लिंब आनायला निघाले. तिनं गाडीकडं बघितलं, कोंबड्यांकडं बघितलं, आनि म्हनली, "शेपूट घाटाकडं करा."

म्हटलं, "उलटी चढवू? मला मागलं काय दिसनार न्हाई. शेपूट उंच हाय."

"मला दिसतंय," ती म्हनली, आनि लिंब माझ्या मांडीवर टाकून डाव्या सीटवर उभी राहिली, मागं तोंड करून.

आक्का, अकरा वळनं. मी समोर बघितलं की खाली तिसगाव दिसायचं आनि हसत चढत येनारी आख्खी टोळी. मागं बघितलं की हिची पाठ. "डावीकडं. अजून. बास. आता सरळ. आवो सरळ म्हनजे सरळ." पयला गेर मागं जायचा, पन काय जोर. इंजिन एकदा बी गुदमरलं न्हाई. तिसऱ्या वळनावर सहादेवतात्या बैल जुंपून तयार बसला हुता. आमाला बघून त्यानं तंबाखू थुकली आनि बैल सोडून दिले. सातव्या वळनापासनं मी हसत हुतो ते थांबेना. ती बी हसत हुती, फक्त खांदे हलताना दिसत हुते. वर आख्खं गाव पारावर. आमी त्यांच्या मधनं शेपूट पुढं करून गेलो आनि गिरनीच्या दारात, गुढीखाली, गाडी उभी केली.

मामा दारातच हुते. मुलगी गाडीतनं उतरताना बघितली. धोतराचा काचा मारला आनि उताने गाडीखाली शिरले. मला वाटलं आता संपलं. पन गाडी माजी, म्हनून मी बी शिरलो. दोघं खाली शेजारी शेजारी, वरनं त्या बारीक भोकातलं तेल आमच्या तोंडावर ठिपकतंय, आनि बाहेर फक्त मनकर्णाचे पाय दिसत्यात.

मामांनी गोळ्याला हात लावला. "उलथा हाय," ते म्हनले.

"व्हय."

मग त्यांनी पायांना इचारलं, "अट काय हुती?"

"स्वतःच्या इंजिनावर दारापर्यंत," पाय म्हनले. "बैल न्हाई, दोर न्हाई, धक्का न्हाई. तोंड कुठं करायचं ते ठरलं न्हवतं. बाई साक्षीला हायेत."

मामांनी गोळ्यावरनं बोट फिरवलं. "आस उलथा हाय हे तुला कवा कळलं?"

"नऊ दिवस झाले. पत्रात वाचलं."

"आनि कळवलं न्हाईस?"

पायाचा अंगठा मातीत रुतला. मग ती हळूच म्हनली, पन खाली आमा दोघांना बी ऐकू आलं. "कळवलं असतं तर त्यांनी तो सरळ करून घेतला असता, आबा. मग घाट एकटेच चढून आले असते."

आक्का, मी तिथंच पडून राहिलो. तेल कानात गेलं तरी हाललो न्हाई. अकरा वर्षं मी यंत्रं उघडतोय, पन असं कुनी माझ्यासाठी काय जुळवलं न्हवतं.

मामांनी माझ्याकडं मान वळवली. मिशीवरचं तेल पुसलं आनि माझ्या कानाशी म्हनले, "पोरा, आता तू काय आनि मी काय, जन्मभर हिच्याच गाडीखाली."

लग्न वैशाखात धरलंय. मानसं मोजून झाली की दाजींना घेऊन ये.

तुजा,
गोरक्ष